बाबांबद्दल चार शब्द बोलायचेत. किती खरं बोलू?

मोकळा_कंस (धागाकर्ता)

बाबा गेले त्याला आता काही आठवडे झाले. पुढच्या रविवारी त्यांचे मित्र, जुने सहकारी आणि आम्ही घरचे एकत्र जमणार आहोत. मोठी भाषणं नाहीत, पण घरच्यांतर्फे मी बोलावं असं परस्पर ठरलंय. "तू लिहितोस ना? मग तूच बोल." झालं.

तेव्हापासून फाइल उघडतो आणि बंद करतो.

बाहेरच्यांसाठी बाबा काय होते ते सांगतो. कुणाकडे अपरात्री आजारपण निघालं की पहिला फोन आमच्याकडे यायचा. हातउसने दिलेले पैसे त्यांनी कधी परत मागितले नाहीत. एकाच्या कर्जाला जामीन राहिले, त्याने हप्ते बुडवले, ते बाबांनी भरले, आणि त्या माणसाशी शेवटपर्यंत हसूनच बोलले. आम्हा भावंडांवर हात उगारणं तर सोडाच, आवाजसुद्धा चढवला नाही.

आणि घरी? "उद्या नक्की." शाळेच्या कार्यक्रमात आई शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा अडवायची. कार्यक्रम संपेपर्यंत ती पर्सच बसलेली असायची. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी बाबा आले ते तिला बाहेर आणल्यावर. वाटेत कुणाची तरी गाडी बंद पडली होती, ढकलायला थांबले. खरंच बंद पडली होती, बाबा खोटं बोलत नसत. त्या जामीनकीचे हप्ते गेले ते ताईच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. आईला ते वर्षभराने कळलं.

ताई म्हणते, फक्त चांगलं बोल, तो दिवस हिशेबाचा नाही. आई काहीच म्हणत नाही. बाबांचे सगळ्यांत जवळचे मित्र, आमचे काका, म्हणाले, "त्याचा देव करून ठेवू नकोस रे. मला ओळखू आला पाहिजे."

कुणी असं बोललं किंवा लिहिलं असेल तर सांगा. कुठे थांबलात?

रेघोट्या

वाईट वाटलं वाचून. सांभाळा सगळ्यांना. माझं मत ताईच्या बाजूने. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, मग त्याच्यामागे कशाला काढायचं?

भोचक

आधी किती मिनिटं दिलीत ते विचार. पाच असतील तर प्रश्न मिटला. तेवढ्यात जेमतेम गाडी ढकलून होईल.

प्राजू_नाही_प्राजक्ता

मी फक्त चांगलंच बोलले होते. कष्टाळू, प्रेमळ, निगर्वी, सगळं बोलले. लोकांनी डोळे पुसले. धाकटा भाऊ मागे भिंतीला टेकून उभा होता. घरी आल्यावर म्हणाला, "छान बोललीस. कुणाबद्दल होतं?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला मनापासून कळलं नव्हतं. आमचे वडील चिडके होते, विनोदी होते, कॅरममध्ये उघड उघड चीटिंग करायचे आणि पकडलं की रुसून बसायचे. यातलं काहीही मी सांगितलं नाही. जे सांगितलं ते कुठल्याही वडिलांना लागू पडलं असतं. आज मला माझ्या त्या भाषणातलं एकही वाक्य आठवत नाही. भावाचं तेवढं आठवतं.

जुनी_खिट्टी

धागाकर्त्याचे सांत्वन. या विषयावर आपल्याकडे फार पूर्वीच निवाडा झालेला आहे. रावण पडल्यावर श्रीराम बिभीषणाला म्हणतात, 'मरणान्तानि वैराणि'. मरणापाशी वैर संपते. वाल्मीकी रामायण, युद्धकांड. ग्रीकांमध्येही स्पार्टाच्या कायलन या ज्ञानी पुरुषाच्या नावावर हाच उपदेश सांगतात की मृतांची निंदा करू नये. दोन संस्कृती एकच गोष्ट सांगत असताना आपण कशाला वेगळे वागायचे?

तिरकस

खिट्टीकाका, नमस्कार. पण तो प्रसंग पूर्ण सांगा ना. बिभीषण भावाचे अंत्यसंस्कार करायला कां-कूं करत असतो, कारण हा क्रूर होता, अधर्मी होता वगैरे. त्यावर राम 'छे छे, तो फार चांगला होता' असं म्हणतच नाही. तो म्हणतो, असेल अधर्मी, असेल असत्याने भरलेला, पण तेजस्वी होता, बलवान होता, युद्धात शूर होता. दोन्ही बाजू एका दमात. आणि मग 'वैर संपलं'.

म्हणजे तुमच्याच दाखल्यात दोष लपवलेले नाहीत. फक्त भांडण थांबवलंय. तेही शत्रूच्या बाबतीत. इथे तर बिचाऱ्या माणसाने गाडी ढकललीय.

जुनी_खिट्टी

संदर्भ बरोबर आहे. मान्य. तरीही रामाने ते बिभीषणाला सांगितले, सभेत ध्वनिक्षेपकावरून नव्हे.

भोचक

खिट्टीकाकांनी चेंडू सीमापार धाडला आहे.

अर्धविराम

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

माझ्याकडे येणाऱ्या अनेकांची अडचण दुःखाची नसते. दुःखात मिसळलेल्या रागाची असते. गेलेला माणूस चांगला होता, मग मला राग का येतो, मीच वाईट आहे का, असा गोंधळ. त्यात पाच पायऱ्यांचं कुठेतरी वाचलेलं असतं: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. लोक स्वतःला मार्क देत बसतात की मी अजून दुसरीतच कसा. मनोविकारतज्ज्ञ कुब्लर-रॉसबाईंनी १९६९ मध्ये ते मांडलं ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचा तो जिना नव्हता, आणि त्या क्रमाने कुणी चढतही नाही.

पूर्वी असंही मानत की गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेतलं की शोक पुरा झाला. १९९६ च्या सुमारास क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी याच्या उलट बाजू पुढे आणली. माणसं नातं तोडत नाहीत, ते बरोबर घेऊन चालतात आणि ते बदलतही राहतं. म्हणजे रविवारी बोलाल तो तुमचा अंतिम निकाल नाही. पन्नाशीला याच बाबांबद्दल वेगळं बोलाल.

एकच सुचवते. भाषणाच्या आधी एक पत्र लिहा, बाबांना, कुणालाही न दाखवण्यासाठी. त्यात पर्स, ऑपरेशन, पैसे, सगळं येऊ दे. मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं लिहायला लावलं होतं, तेव्हापासून या पद्धतीवर बरंच काम झालंय. सगळ्यांना सारखाच उपयोग होतो असं मात्र पुढच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, त्यामुळे औषध म्हणून लिहू नका. भाषणातून राग बाजूला काढायला म्हणून लिहा.

तिरकस

फ्रॉइड का कोण म्हणाला होता ना मन सोडवून घ्या म्हणून? सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळे होऊ.

अर्धविराम

१९१७ च्या निबंधात साधारण तसंच म्हणाला होता. पण त्याची मुलगी सोफी १९२० मध्ये गेली, आणि १९२९ मध्ये, ती असती तर छत्तीस वर्षांची झाली असती त्या सुमारास, त्याने एका मित्राला पत्र लिहिलं. आशय असा की तीव्र दुःख ओसरतं, पण त्या माणसाची जागा कशानेच भरत नाही, आणि ते तसंच असायला हवं. स्वतःवर आलं तेव्हा सिद्धांत जरा सैल झाला.

केशर_पेन्सिल

मला एक वेगळंच खटकलं. मोकळा_कंस, तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. कार्यक्रमाची खुर्ची ही तुमची गोष्ट आहे. ऑपरेशनची गोष्ट आईची आहे. पैशांची ताईची. पहिली तुम्ही हवी तशी सांगा. उरलेल्या दोन सांगायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

आई समोर बसलेली असणार. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळणार, तिने काय चेहरा करायचा? 'वडिलांबद्दल किती खरं' हा प्रश्न राहू दे, 'कुणाचं खरं' हे आधी ठरवा.

प्राजू_नाही_प्राजक्ता

+१. हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

मोकळा_कंस

केशर_पेन्सिल, हे डोक्यातच आलं नव्हतं. आईला विचारतो.

सावकाश

धागाकर्त्याचे काका जिथे उभे आहेत तिथून लिहितो. मी मुलगा नाही, मित्र होतो.

माझा मित्र गेला तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हणालो मित्र. "अच्छा," म्हणाले आणि पुढे बघू लागले. भाऊ म्हणालो असतो तर हात धरला असता. कामावर रजा मागितली तर नात्याचा रकाना. त्यात मित्र बसत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, काम केलं, कुणाला काही कळलं नाही. शाळेपासूनचा माणूस होता तो. माझ्या आयुष्यातल्या निम्म्या गोष्टींचा दुसरा साक्षीदार. आता त्या गोष्टी घडल्या होत्या हे फक्त मलाच माहीत आहे. पडताळून बघायला कुणी नाही.

तोही असाच. बोलावलं की हजर. माझा वाईट काळ चालू होता तेव्हा रोज संध्याकाळी यायचा. बोलायचा फार नाही. माझ्याकडचं रेडिओ दुरुस्तीचं काहीतरी उघडून बसायचा आणि ते अजूनच बिघडवून जायचा. त्या संध्याकाळी नसत्या तर मी काय केलं असतं याचा विचार मी करत नाही.

तो गेल्यावर बऱ्याच दिवसांनी त्याची मुलगी भेटली. मी हे सगळं भरभरून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "काका, त्या वर्षी माझी दहावी होती. बाबा संध्याकाळी गणित घेणार होते माझं."

तिच्या आवाजात राग नव्हता. माहिती दिल्यासारखं म्हणाली. मी काय बोलणार? त्या संध्याकाळी मला मिळाल्या म्हणून तिला मिळाल्या नाहीत. दोन्ही खरं.

मोकळा_कंस, तुझे बाबा असे का होते याचं माझ्यापुरतं उत्तर आहे. अशा माणसाला समोर उभ्या असलेल्याला नाही म्हणता येत नाही. गाडी बंद पडलेला माणूस समोर होता. घरचे समोर नव्हते, घरचे होतेच. ज्या गुणासाठी आम्ही मित्र त्याला डोक्यावर घेत होतो, तोच तुमच्या वाट्याला उशीर होऊन येत होता. त्यामुळे उशीर गाळून चांगुलपणा सांगायला गेलास तर चांगुलपणाही खोटा वाटेल. तुझे काका 'ओळखू आला पाहिजे' म्हणाले ते यासाठीच असावं.

रेघोट्या

सावकाश, हे वाचून मी माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेते. अर्धाच.

अर्धविराम

सावकाश, मित्राच्या दुःखाला समाज जागा देत नाही, यावर केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये आख्खं पुस्तक संपादित केलं. ज्या दुःखाला उघड मान्यता नाही, ज्याला कुणी भेटायला येत नाही, असं दुःख. त्यात मित्र येतात, घटस्फोटित जोडीदार येतात, लपवलेली नाती येतात. मोकळा_कंस, तुमच्या काकांनाही रविवारी बोलायला सांगा. त्यांना कुणी विचारलंय का?

मोकळा_कंस

नाही. कुणीच विचारलं नाही. आजच फोन करतो.

तिरकस

एक शंका. मूळ पोस्टमध्ये 'बाबा खोटं बोलत नसत' आणि 'आईला वर्षभराने कळलं' ही दोन्ही वाक्यं जवळजवळ आहेत. जमतंय का ते?

मोकळा_कंस

जमवायचे ते. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, आणि कुणी विचारणार नाही अशी व्यवस्थाही करायचे.

भोचक

हे वाक्य भाषणात घे. नाही घेतलंस तर मी चोरीन.

खिडकी_उघडी

मी इतका वेळ गप्प वाचत होते. 'प्रेमळ पण अपूर्ण' वडिलांवर एवढी चर्चा चाललीय, तर सांगते, ही चैन आहे. माझे वडील मारायचे. आईला, आम्हाला. गेले तेव्हा नातेवाइकांनी माईक माझ्या हातात द्यायचा प्रयत्न केला. मी तो शेजारच्याकडे दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. आत एक जण 'शिस्तीचे भोक्ते' म्हणाला.

मला त्या रात्री गाढ झोप लागली. त्याचीच लाज कितीतरी दिवस वाटली.

रेघोट्या

खूप सोसलंत. पण शेवटी वडील ते वडील, काही ना काही तरी चांगलं

खिडकी_उघडी

नाही. आणि हे वाक्य मला माझ्या घरचे रोज ऐकवतात, इथे नको.

अर्धविराम

रेघोट्या, इथे थांबूया. खिडकी_उघडी, सुटका झाल्यासारखं वाटणं ही शोकात दिसणारी नेहमीची गोष्ट आहे. दीर्घ आजारात सेवा केलेल्यांनाही वाटतं, मार खाल्लेल्यांना तर वाटणारच. झोप लागली यात लाजण्यासारखं काही नाही. गप्प राहणं हेही त्या दिवशी खरं बोलणंच होतं.

केशर_पेन्सिल

'शिस्तीचे भोक्ते.' हे असे शब्द कुठल्या कारखान्यात तयार होतात?

तिरकस

तिथलाच माल: 'स्पष्टवक्ते' म्हणजे कुणाशीही पटलं नाही. 'मनस्वी' म्हणजे घर बायकोने चालवलं. 'दिलखुलास' म्हणजे उधारी.

भोचक

'कलंदर' विसरलास. तो तर कायमचा स्टॉकमध्ये असतो.

निवांत_पंखा

अवांतर, पण वातावरण थोडं हलकं करतो. वडील गेल्यावर त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर शोधला. 'मुलगा नवीन' या नावाने सेव्ह होता. 'मुलगा जुना' पण होता, तोही मीच. जुना नंबर मी कधीच सोडला होता, त्यांनी काढला नव्हता. दोन्हींवर फोन लावून बघायचे, आणि मग "तुझा एक फोन लागतच नाही" अशी तक्रार.

प्राजू_नाही_प्राजक्ता

आमच्याकडे पासवर्डची वही. वहीवर मोठ्या अक्षरात 'पासवर्ड नाहीत'.

मोकळा_कंस

आमच्याकडे फोटो. बाबांच्या फोनमध्ये शेकड्याने फोटो, बरेचसे अंगठ्याचे. पण मधूनच माझ्या कार्यक्रमाचा एक सापडला. खूप मागून काढलेला, दाराजवळून. स्टेजवर मी ठिपक्याएवढा. म्हणजे त्या वर्षी आले होते आणि मागे उभे होते. पुढे पर्स होती म्हणून आम्हाला वाटलं आलेच नाहीत. सांगितलं का नाही, कुणास ठाऊक.

केशर_पेन्सिल

उशीर झाला होता म्हणून दारातच थांबले असतील. सांगितलं असतं तर उशीरही सांगावा लागला असता.

जुनी_खिट्टी

फोटो जपून ठेवा. दोन ठिकाणी प्रत करा.

मोकळा_कंस

अर्धविराम, एक विचारायचं होतं. मला अजून रडू आलेलं नाही. ताई रोज रडते. मी फाइल्स लावतो, बँकेत जातो, इथे येऊन लिहितो. काही बिघडलंय का माझ्यात?

अर्धविराम

या वर्णनावरून तरी तसं वाटत नाही. स्ट्रोब आणि शुट या दोघा अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं आहे की शोकातला माणूस दोन टोकांमध्ये येजा करतो. कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत, कधी उरलेली कामं निस्तरण्यात. दोन्ही लागतं. तुमच्या घरात सध्या ताई एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या, एवढंच. काही काळाने अदलाबदल झाली तर घाबरू नका.

काळजी कधी करायची, तर महिने उलटूनही ओढ आणि वेदना तसूभर कमी होत नाही आणि रोजचं जगणंच अडून बसतं तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाचं निदान किमान ६ महिन्यांनंतर करतात, अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी १२ महिने धरलेत. तुमचे आठवडेच झालेत. मात्र जगणंच नको असं वाटायला लागलं तर कुठल्याही महिन्याची वाट न बघता लगेच मदत घ्यायची. हे सगळ्यांसाठीच लिहितेय.

मोकळा_कंस

आभार. आता मोठी बातमी. ताईशी बोललो, केशर_पेन्सिलने सांगितल्याप्रमाणे परवानगी मागायला.

ताई म्हणाली, "पैशांचं बाबांनी मला विचारलं होतं."

मी उडालोच. इतकी वर्षं मी तिच्या वतीने बाबांवर चिडून होतो. म्हणाली, त्यांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं, असं असं झालंय, मी शब्द दिलाय, तुझ्या पैशांना हात लावू का? आणि ती म्हणाली, लावा. आईला सांगू नका असंही तीच म्हणाली. मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला, बाबांनी चोरून काही केलंच नव्हतं. तर ताई एकदम भडकली. "मिटला कसा? सतरा वर्षांची होते मी. बापाने डोळ्यांत पाणी आणून विचारल्यावर कुठली मुलगी नाही म्हणेल? विचारायलाच नको होतं त्यांनी."

आणि लगेच, "पण हे तू बोलायचं नाहीस. फक्त चांगलं बोल."

सावकाश

फक्त चांगलं बोल म्हणणारी ताईच सगळ्यांत जास्त जाणत होती तर.

तिरकस

माझी चेष्टा मागे. विचारलं होतं हे धरून चालू, पण ताईचं म्हणणं जास्त खरं आहे.

केशर_पेन्सिल

पैशांची गोष्ट भाषणातून बाद. चर्चा नको.

मोकळा_कंस

बाद. आईलाही विचारलं. आई म्हणाली, "ऑपरेशनचं सांग की. बिनधास्त सांग. मी शुद्धीवर आले तर हे ग्रीसने माखलेले हात घेऊन उभे. नर्स आत घेईना." आणि हसायला लागली. मी ती गोष्ट इतकी वर्षं रागाने सांगत होतो आणि आई ती विनोद म्हणून सांगते. नंतर थोड्या वेळाने म्हणाली, "तेव्हा नव्हतं हसू आलं."

हा कच्चा खर्डा टाकतो. कापाकापी करा:

'बाबा वेळेवर आले असं मला आठवत नाही. पण ते आले नाहीत असंही फार कमी वेळा झालं. आमच्या आणि त्यांच्या मध्ये नेहमी कुणीतरी अडलेला माणूस असायचा. आईचं ऑपरेशन होतं त्या दिवशी तो माणूस बंद पडलेल्या गाडीत होता. तुमच्यापैकी अनेकांनी मला सांगितलं की बाबा तुमच्या अडचणीला धावून आले. मला तेव्हा घड्याळ आठवतं, कारण त्या वेळी ते आमच्याकडे यायचे असायचे. आमच्यावर त्यामुळे अन्याय झाला, पण आम्ही त्यांना माफ केलं आहे. त्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. त्याची किंमत घराने दिली. तरीही अशा वडिलांचा मला अभिमान वाटतो आणि पुढच्या जन्मीही हेच वडील मिळोत.'

केशर_पेन्सिल

'अन्याय झाला' ते 'माफ केलं आहे' काढा. आई आणि ताईच्या वतीने माफी देऊ नका. त्यांनी दिलीय का तुम्हाला माहीत नाही.

तिरकस

पुढचा जन्म काढ. एवढं सगळं खरं बोलून शेवटी छापील कार्डावर आलास. आणि 'किंमत घराने दिली' हे सांगू नकोस, घड्याळाच्या वाक्यातून ते कळलंय.

सावकाश

घड्याळाचं वाक्य मित्रांना लागेल. लागू दे, पण त्यानंतर एक वाक्य असं हवं की आम्हाला मान वर करता येईल. आम्ही त्याला तुमच्याकडून चोरलं नव्हतं, आम्हाला माहीतच नव्हतं. बहुतेकांना आजही नाही.

प्राजू_नाही_प्राजक्ता

ग्रीसचे हात घाल. आणि कॅरमसारखं काहीतरी घाल, ज्याचा गुण-दोषाशी काही संबंध नाही. शिट्टी कशी वाजवायचे, कुठल्या गोष्टीला घाबरायचे. सगळंच भाषण न्यायनिवाडा झालं तर माणूस दिसत नाही.

जुनी_खिट्टी

सावकाश वाचल्यास मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. मोठ्या अक्षरात छापा, ओळींत अंतर ठेवा. एक प्रत बहिणीजवळ द्या. आवाज गेला तर ती पुढे वाचेल.

मोकळा_कंस

झालं काल.

माफी आणि पुढचा जन्म काढला. ग्रीस आलं. बाबा पालीला घाबरायचे आणि पाल दिसली की अत्यंत सभ्य आवाजात आईला हाक मारायचे, तेही आलं, आणि त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. सावकाश, मान वर करायचं वाक्य असं घेतलं: 'तुम्ही त्यांना बोलावलंत म्हणून ते आले, आणि बोलावलं नसतं तर ते घरात बसून अस्वस्थ झाले असते, हे आम्ही पाहिलंय.' फोटोबद्दल मी बोललो नाही. तो ठेवला.

काका बोलले, पण अगदी थोडं. त्यांना पुढे जाताच येईना. ताईने त्यांना धरून खाली बसवलं आणि त्यांच्या शेजारीच बसून राहिली. माझ्या भाषणाबद्दल ताई अजून काही बोललेली नाही. एक दूरचे नातेवाईक निघताना म्हणाले, "वडिलांबद्दल असं बोलतात का?" आई तिथेच उभी होती. म्हणाली, "आमच्याकडे बोलतात."

रडू अजून आलेलं नाही.

भोचक

आईंना माझा साष्टांग नमस्कार.

खिडकी_उघडी

आवडलं. पालीचं विशेष.

धाकटी_ओळ

उशिरा आले या धाग्यावर, पण विचारते. माझी परिस्थिती उलटी आहे. बाबांबद्दल मी नाही, त्यांचे मित्र बोलणार आहेत. ते फार बोलके आहेत. बाबांचं एक जुनं व्यसन होतं, सुटलेलं, पण माझ्या मुलांना ते माहीत नाही. 'हे सांगू नका' असं त्यांना म्हणणं उद्धटपणाचं होईल का?

सावकाश

अजिबात नाही. सरळ फोन करा, घुमवून बोलू नका. कुठली गोष्ट नको ते नाव घेऊन सांगा. 'जरा जपून बोला' म्हटलं तर आम्हाला नक्की काय जपायचं ते कळत नाही आणि नेमकं तेच तोंडातून निघतं. आणि मुलांना ते कधी सांगायचं असेल तर तुम्हीच सांगा, मोठी झाल्यावर. वेगळा धागा काढा, इथे खाली दबून जाईल.